फाल्गुन ते वैशाख: कोकण किनाऱ्यावर फ्लाय फिशिंग

फ्लाय फिशिंग म्हणजे केस-पिसांचं बांधलेलं हलकं नकली आमिष, म्हणजेच फ्लाय, जाड लाईनच्या वजनाने फेकून केलेली मासेमारी. कोकणात खाऱ्या पाण्यातल्या फ्लाय फिशिंगला सर्वांत चांगले दिवस शिमग्याच्या आगेमागे सुरू होतात आणि वैशाखाच्या मध्यापर्यंत टिकतात. पावसाळ्यात नद्यांनी आणलेला गाळ तोवर बसलेला असतो. समुद्र शांत असतो. नद्यांचं गोडं पाणी आटल्यामुळे खाडीत खारं पाणी आतवर शिरतं, आणि त्याच्यासोबत बोय, कोळंबी आणि त्यांच्या मागावरचे जिताडे, तांबोशीही आत येतात. मेच्या मध्यानंतर मात्र दक्षिणेकडून लांब पल्ल्याच्या लाटा यायला लागतात, वारा फिरतो, होड्या वर ओढल्या जातात. म्हणजे हातात जेमतेम दोन-अडीच महिने असतात, आणि त्यातलेही सगळे दिवस सारखे नसतात.

रॉड कुठला घ्यावा आणि फ्लाय कुठली बांधावी याची चर्चा आपल्याकडे खूप होते. माझं मत असं की कोकणात यश सर्वांत जास्त दिवसाच्या निवडीवर अवलंबून असतं. तिथी, वारा आणि पाण्याचा निवळपणा या तिन्ही गोष्टी जुळल्या तर साध्या सामानावर मासा लागतो. त्या जुळल्या नाहीत तर महागडा रॉडही काही करू शकत नाही. म्हणून या लेखात आधी दिवसाचा विचार आहे आणि सामानाचा नंतर.

आधी कालनिर्णय उघडा

किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा आजही कामाचा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठला, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण भरती. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, हिशेब तोच. त्यानंतर सहा तासांहून थोड्या जास्त वेळाने पूर्ण ओहोटी. वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकते. हा हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि मालवण-वेंगुर्ल्याकडे भरती मुंबईच्या साधारण तासभर आधी येते. त्यामुळे ठोकताळ्यावर बेत आखा आणि निघण्यापूर्वी त्या बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघून घ्या.

आता हा हिशेब पहाटेशी जोडा, कारण वसंतात मासेमारीचे खरे तास सूर्योदयापासून साडेनऊ-दहापर्यंतच असतात. षष्ठी ते नवमीच्या दिवसांत भरती पहाटे साडेचार ते पावणेसातच्या दरम्यान संपते. म्हणजे उजाडताना पाणी खाडीतून बाहेर पडायला लागलेलं असतं. खाडीच्या मुखाशी, कांदळवनाच्या कडेला उभं राहायचं असेल तर हे दिवस. याउलट त्रयोदशीपासून पुढच्या पक्षाच्या द्वितीयेपर्यंत पहाटे ओहोटी असते आणि सकाळभर पाणी चढत राहतं. पुळणीवर आणि खडकांच्या कडेला मासे चढत्या पाण्याबरोबर जवळ येतात, तेव्हा किनाऱ्यासाठी हे दिवस.

यात अजून एक गोष्ट धरावी लागते: उधाण आणि भांग. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची, म्हणजे सर्वांत मोठ्या चढउताराची भरती असते, अष्टमीच्या आसपास भांगेची, म्हणजे सर्वांत कमी चढउताराची. मुंबई-रायगड भागात उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं. एवढं पाणी चिखलाच्या खाड्यांतून आतबाहेर करतं तेव्हा तळाचा सगळा रेवा ढवळला जातो आणि समुद्र चहाच्या रंगाचा होतो. फ्लायला वास नसतो, ती दिसली तरच मासा घेतो. म्हणून रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धनच्या पट्ट्यात भांगेचे दिवस निवडा: पाणी हळू हलतं आणि निवळ राहतं. देवगडपासून खाली मात्र उलट विचार करावा लागतो. तिथे उधाणालाही पाण्याची चढउतार दोन-सव्वादोन मीटरच्या आसपास असते, किनारा वाळूचा आणि कातळाचा, त्यामुळे पाणी सहसा निवळच असतं. भांगेला मात्र ते इतकं मंद हलतं की मासे जागचे हलत नाहीत. मालवण, निवती, वेंगुर्ल्याला उधाणाच्या एक-दोन दिवस अलीकडे-पलीकडे जावं.

रत्नागिरी या दोन्हींच्या मध्ये येते. तिथे खाडीसाठी भांग आणि आरे-वारे किंवा पूर्णगडच्या बाजूच्या मोकळ्या किनाऱ्यासाठी उधाण, असं मी तरी करतो.

वारा

फाल्गुन-चैत्रात पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मंद मतलई वारा वाहतो. साडेनऊ-दहापर्यंत तो पडतो, थोडा वेळ पाणी आरशासारखं होतं, आणि अकरा-बाराच्या सुमारास वायव्येकडून खारे वारे सुरू होतात. दुपारी तीन ते पाच या वेळात ते सर्वांत जोरात असतात. सूर्यास्ताच्या थोडं आधी पुन्हा उतरतात, तेव्हा तासभर संधी मिळते.

फ्लायची लाईन हवेतून मागेपुढे न्यावी लागते, म्हणून वाऱ्याची दिशा इथे गळ फेकणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त महत्त्वाची. कोकणचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. त्यावर उभं राहिलं की वायव्येचा वारा उजव्या हाताला समोरून येतो. उजव्या हाताने फेकणाऱ्यासाठी ही सर्वांत धोक्याची दिशा, कारण लाईन वाऱ्याने डोक्यावर आणि कानावर येते, आणि तिच्या टोकाला वजनदार गरी असते. अशा वेळी दोन उपाय आहेत. एक, रॉडचं टोक डाव्या खांद्यावरून नेत फेकायचं. दुसरा मला जास्त आवडतो: समुद्राकडे पाठ करून जमिनीच्या दिशेने फेकायचं आणि मागची फेकच पाण्यावर सोडायची. सवयीला आठवडाभर लागतो, पण एकदा जमलं की वारा आडवा येत नाही.

याहून सोपा मार्ग म्हणजे जागाच अशी निवडणं की डोंगराची सोंड वायव्येला आडवी असेल. कोकणात अशा जागांना तोटा नाही. नकाशावर दक्षिणेकडे तोंड असलेली छोटी खाच शोधा, तिच्या उत्तरेला कातळाचा उंचवटा असला की दुपारीही तिथे पाणी शांत सापडतं.

लाटांचा अंदाज बघायला विसरू नका. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था किनाऱ्यासाठी लाटांचे आणि उंच उसळीचे इशारे देते, हवामान खातं मच्छीमारांसाठी वेगळा इशारा देतं. एप्रिल-मेमध्ये इथे वारा पडलेला असतानाही दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांच्या लाटा येऊन थडकतात. आकाश निरभ्र, वारा शून्य, आणि तरी खडकावर अचानक पुरुषभर पाणी, असं याच महिन्यांत होतं.

पाणी बघायचं कसं

किनाऱ्यावर पोचल्यावर लगेच रॉड जोडू नका. गुडघाभर पाण्यात उभं राहा, पांढरी फ्लाय लीडरच्या (लाईन आणि फ्लाय यांना जोडणाऱ्या बारीक पारदर्शक दोरीच्या) टोकाला धरून हळूहळू खाली सोडा. हातभर खोलीपर्यंत दिसली तर दिवस चांगला आहे. वीतभरावर नाहीशी झाली तर काळी किंवा जांभळी, अंगाने जाड फ्लाय बांधा. गढूळ पाण्यात मासा वरच्या उजेडावर उमटणारी आकृती बघतो, आणि जाड फ्लायने ढकललेलं पाणी त्याला अंगाच्या बाजूच्या रेषेने जाणवतं. बोटभरावरच दिसेनाशी झाली तर जागा बदला.

मग पंधरा-वीस मिनिटं नुसतं बघा. बोय एकट्यादुकट्या उड्या मारतात त्याला अर्थ नसतो. पण दहा-वीस बारक्या बोया एकदम, एकाच दिशेला पाण्याबाहेर फुटल्या तर त्यांच्या खाली कुणीतरी आहे. सुरय पक्षी एका जागी घिरट्या घालून सूर मारत असतील तर तिथे पेडवे किंवा तारलीचा थवा वर आला आहे. शांत पाण्यावर एखादाच पट्टा वेगळ्या तऱ्हेने थरथरताना दिसला तर तो थवा आहे. ओहोटीला बगळे ज्या ओघळाच्या तोंडाशी रांगेने उभे असतात, तिथून कोळंबी बाहेर पडते आहे हे ते तुमच्याआधी ओळखून असतात.

सिंधुदुर्गात पहाटे रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढली जात असेल तर तिथे जाऊन उभं राहा. जाळ्यात काय आलं ते बघा. त्या दिवशी किनाऱ्याला बोटाएवढी मांदेली आहे की वीतभर तारली, हे त्यावरून कळतं आणि फ्लायची लांबी तिथेच ठरते. रापणकरांना हात लावू लागलात तर माहितीही मिळते. मात्र रापण टाकलेल्या पट्ट्यात लाईन फेकणं हा सरळ सरळ त्यांच्या पोटावर पाय आहे. दोरखंड वर येईपर्यंत थांबा किंवा पुढच्या पुळणीवर जा.

सामान

पहिला आणि एकच रॉड घ्यायचा तर नऊ फुटी, आठ नंबरचा (नंबर जितका मोठा, तितका रॉड आणि लाईन जड). खाडी आणि पुळण दोन्हींना तो पुरतो. खडकांवरून ट्रेव्हली या ताकदवान, वेगवान शिकारी माशाच्या मागे लागायचं असेल तर दहा नंबर हवा. रीलचा ब्रेक बंदिस्त असलेला घ्या, नाहीतर वाळू आणि मीठ त्याला एका हंगामात संपवतं.

लाईनवर मात्र काटकसर करू नका. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच लाईन थंड पाण्यासाठी बनवलेल्या असतात. इथे फेब्रुवारीत पाणी २६-२७ अंश आणि मेमध्ये ३० अंशांपर्यंत असतं, तापलेला कातळ वेगळाच. थंड पाण्याची लाईन या उन्हात मऊ, चिकट होते आणि रॉडच्या कड्यांतून सरकत नाही. उष्ण कटिबंधासाठी असलेली, कडक गाभ्याची लाईन मागा. तरंगणारी एक आणि हळू बुडणारी एक. लाटांच्या किनाऱ्यावर तरंगणारी लाईन फेस मागेपुढे ओढत राहतो, तिथे बुडणारीच हवी.

लीडर नऊ फुटांचा, टोकाला वीस पौंडी. त्यापुढे हातभर चाळीस पौंडी फ्लुओरोकार्बन जोडा. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड ब्लेडसारखी धारदार असते, उघड्या हाताने तिथे धरलं तरी कापतं. सुरमई, बाराकुडा किंवा चोचीवाले दातेरी मासे असतील तर चार बोटं बारीक तार लावा. फ्लाय बांधताना गाठ घट्ट आवळून न टाकता फासा मोकळा राहील अशी लूप गाठ मारा, फ्लाय पाण्यात मोकळी हलते.

फ्लायच्या डबीत फार गर्दी नको. क्लाउझर मिनो ही पहिली. बॉब क्लाउझर यांनी ती पेनसिल्व्हेनियातल्या सस्कहाना नदीवर गोड्या पाण्यातल्या बास माशासाठी बनवली, पण डोळ्यांच्या जागी धातूचे मणी असल्याने ती खालीवर नाचत येते आणि गरी उलटी राहून तळाला अडकत नाही. हिरवट-पिवळा आणि पांढरा हा रंग कोकणात बहुतेक ठिकाणी चालतो. दुसरी लेफ्टीज डिसीव्हर, तारली-बोयीच्या आकाराची. तिसरी कोळंबीसारखी, फिकट तपकिरी. चौथी फोमची, पाण्यावर बुडबुड आवाज करत येणारी, पहाटेच्या पहिल्या अर्ध्या तासासाठी. गरी एक नंबरपासून दोन शून्यपर्यंत, न गंजणारी. फ्लाय घरी बांधत असाल तर हरणाच्या शेपटीच्या केसांऐवजी बकरीचे लांब केस वापरा. ते पाण्यात जास्त मऊ हलतात आणि खाटकाकडे सहज मिळतात. डिसीव्हरसाठी गावठी कोंबड्याच्या मानेची पिसं उत्तम.

आणखी एक वस्तू लागतेच: कमरेला बांधायचा उथळ प्लास्टिकचा टब. ओढलेली लाईन पायाशी पडली तर लाट ती घेऊन जाते, आणि खडकावर पडली तर कालवांच्या शिंपल्या तिचं साल काढतात. टबच्या तळाला केबल टाय उभे ठोकले की लाईन गुंतत नाही.

खाडीत: जिताडा आणि तांबोशी

रायगडात जिताडा, रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे खजुरा, गोव्यात चोणक. फ्लायवर लागण्याजोगा कोकणातला सर्वांत मानाचा मासा हाच. भाट्याची खाडी, जयगडला शास्त्रीचं मुख, विजयदुर्गची वाघोटण, मालवणजवळची कोळंबची खाडी, देवबागला कर्लीचा संगम, खाली तेरेखोल, सगळीकडे त्याची वागण्याची पद्धत एकच. ओहोटी लागली की कांदळवनातलं पाणी बारीक ओघळांतून मुख्य पात्रात उतरतं. त्याच्याबरोबर कोळंबी आणि बोयीची पिल्लं येतात. जिताडा त्या ओघळाच्या तोंडाच्या थोडं खाली, जिथे गढूळ आणि निवळ पाण्याची रेघ दिसते, तिथे तोंड प्रवाहाकडे करून थांबतो.

तुम्ही होडीतून किंवा काठावरून त्या रेघेच्या वरच्या अंगाला फ्लाय टाका. प्रवाह तिला खाली नेईल, तेवढा वेळ फक्त लाईन ताणलेली ठेवा. रेघेपाशी आली की दोन आखूड ओढी द्या, आणि थांबा. मनात तीन मोजा. परत दोन ओढी. जिताडा फ्लाय घेतो तो बहुधा थांबल्यावर, तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो, आणि हाताला एक जड ठोका लागतो.

इथे गोड्या पाण्यातली सवय आड येते. ठोका लागला की रॉड वर उचलायचा नाही. रॉडचं टोक पाण्याकडे सरळ ठेवून डाव्या हाताने लाईन लांब, जोरात मागे ओढायची. गरी कडक जबड्यात रुतते ती या ओढीने. रॉड उचलला तर सगळा जोर रॉडच्या वाकण्यात जातो. शिवाय या ओढीत गरी लागली नाही तरी फ्लाय हातभरच सरकते आणि मासा मागे वळून पुन्हा घेऊ शकतो.

पुढचे पाच सेकंद निर्णायक. तांबोशी असेल तर ती थेट मुळांत शिरते. लाईन सोडू नका, रॉड आडवा, पाण्यालगत धरून तिला कडेला वळवा. जिताडा उडी मारतो. तो हवेत असताना रॉड त्याच्याकडे झुकवून लाईन क्षणभर ढिली द्या, नाहीतर डोकं झटकताना तो गरी फेकतो.

पुळण आणि खडक

पुळणीवर लांब फेकण्याचा हट्ट नको. चढत्या भरतीला मासे पहिल्या लाटेच्या आतल्या खळग्यात, कधी कधी गुडघाभर पाण्यात असतात. ओहोटीला एकदा येऊन खळगे आणि वाळूचे दांडे कुठे आहेत ते बघून ठेवा, मोबाईलवर फोटो काढा. भरतीला लाट जिथे फुटत नाही तो खळगा, आणि दोन दांड्यांमधली मोकळी वाट ही माशांची वाट. पहिली फेक किनाऱ्याला समांतर टाका. क्वीनफिश आणि छोट्या ट्रेव्हलीला फ्लाय वेगात पळताना लागते: रॉड काखेत धरून दोन्ही हातांनी लाईन ओढत राहा, थांबू नका. रावस मात्र मध्यम गतीने आणि तळालगत.

खडकावर चढण्यापूर्वी वीस मिनिटं त्या जागेकडे बघत बसा. सर्वांत मोठी लाट कुठवर येते ते बघा आणि त्याच्या वर कोरडा कातळ असेल तरच उभं राहा. काळं-हिरवं शेवाळ म्हणजे तिथे पाणी येतं. खडकावर समुद्राकडे पाठ करायची नाही, मागची फेक वापरायची ती पुळणीवरच. तळाला टोकदार खिळे किंवा फेल्ट असलेले बूट घाला, एकट्याने जाऊ नका, आणि १५५४ हा तटरक्षक दलाचा मदत क्रमांक फोनमध्ये ठेवा.

पायाखाली काय असतं

वाळूच्या उथळ पाण्यात पाकटं अंग पुरून बसतात. पाऊल उचलून टाकू नका, घसटत न्या, म्हणजे ती आधीच सरकतात. काटा लागलाच तर जखम धुऊन, सोसवेल तितक्या गरम पाण्यात पाय अर्धा-पाऊण तास ठेवा, वेदना उतरते, आणि मग डॉक्टरांकडे जा. शिंगाळ्याच्या काट्यालाही तोच उपाय.

वाशिष्ठीच्या खाडीत, दाभोळपासून वर गोवळकोटकडे जाताना, मगरी आहेत. सावित्रीतही महाडच्या बाजूला आहेत. त्या भागात पाण्यात उतरून मासेमारी करू नका. होडी घ्या, आणि लागलेला मासा काठावर गुडघे टेकून उचलू नका.

ठेवायचा की सोडायचा

जिताडा नर म्हणून वाढतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. साधारण ८० सेंटीमीटरच्या पुढचे बहुतेक मासे माद्या असतात, आणि पावसाळ्याच्या तोंडाला त्या अंडी घालायला खाडीच्या मुखाकडे उतरतात. म्हणजे चैत्र-वैशाखात लागलेला मोठा जिताडा हा त्या खाडीच्या पुढच्या पिढीचा मोठा हिस्सा असतो. तो सोडावा असं मला मनापासून वाटतं. घरी न्यायचा तर मधल्या आकाराचा एखादा न्या. राज्य सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिला आहे, त्याची यादी बघून ठेवा.

सोडायचा असेल तर गरीचं उलटं टोक आधीच पक्कडीने दाबून ठेवा. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो, त्यामुळे मासा खेळवत बसू नका, लवकर जवळ घ्या. ओल्या हाताने धरा, पाण्यातच गरी काढा. फोटो हवा तर मासा दहा सेकंदांहून जास्त बाहेर ठेवू नका, आणि पोटाखाली हात द्या, जबड्याने लटकवू नका. मग तोंड प्रवाहाकडे करून धरा. तो स्वतःहून शेपटी मारेपर्यंत हात काढू नका.

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, त्याच्या गाभ्याच्या भागात लाईन टाकायची नाही. हद्द कुठे लागते ते तिथल्या तांडेलांना विचारा, त्यांना ती तोंडपाठ असते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. काठावरून उभं राहणाऱ्याला ती बंदी थेट लागू नसली, तरी ते अंडी घालण्याचे दिवस आहेत. तेव्हा रॉड गोड्या पाण्याने धुऊन, रील उघडून सुकवून, लाईन मोकळ्या वेटोळ्यांत सोडून ठेवावी आणि श्रावणापर्यंत फ्लाय बांधत बसावं.